फ्लोट हलतो, आमिष जातं, मासा मात्र लागत नाही: आधी तळ मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गेले काही महिने तुम्ही सुट्टीच्या दिवशी तलावावर गळ टाकून बसता. आमिष कधी कणकेची गोळी, कधी गांडूळ. फ्लोट (दोरीवर लावलेला, पाण्यावर तरंगणारा खुणेचा तुकडा) सारखा थरथरतो, तुम्ही हिसका देता आणि गळ रिकामाच वर येतो. जरा पलीकडे बसलेल्या माणसाला त्याच पाण्यात चांगले रोहू लागतात. म्हणून आता महागातला रॉड आणि रील घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

रॉडचं शेवटी सांगतो, कारण तुमची अडचण रॉडच्या टोकाच्या पुढे सुरू होते. तुम्ही लिहिलंय की फ्लोट गळापासून साधारण तीन-चार फुटांवर लावता. तिथे पाणी किती खोल आहे, हे मात्र तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. पाणी आठ फूट असेल, तर तुमचं आमिष अधांतरी लोंबतंय आणि बोटाएवढी पिल्लं ते कुरतडून संपवतायत. पाणी अडीच फूट असेल, तर आमिष गाळात पडलंय, वरची दोरी सैल आहे आणि मासा आमिष तोंडात घेऊन परत थुंकेपर्यंत फ्लोटला पत्ताही लागत नाही. दोन्ही वेळा काठावरून दिसतं ते एकच: आमिष गेलं, मासा नाही.

तुमचा तलाव मी पाहिलेला नाही. तळ मुरमाचा की गाळाचा, पाणी हिरवं की नितळ, मासे मुद्दाम सोडलेले की आपोआप वाढलेले, यावर पुष्कळ गोष्टी बदलतात. म्हणून पुढचे आकडे अंदाजाचे समजा. पद्धत मात्र कुठल्याही साचलेल्या पाण्यावर चालते.

तळ मोजायचा कसा, ते आधी सांगतो. गळाला फ्लोट सहज बुडेल एवढ्या वजनाचा शिशाचा तुकडा अडकवा. फ्लोट अंदाजाने लावा आणि जिथे बसून मासेमारी करणार तिथेच टाका. फ्लोट पाण्याखाली नाहीसा झाला, तर खोली जास्त आहे. फ्लोट वर सरकवा. फ्लोट आडवा पडून राहिला, तर दोरी जास्त झाली, खाली सरकवा. तीन-चार वेळा असं केलं की एक जागा अशी सापडते जिथे फ्लोटचं फक्त टोक पाण्याच्या सपाटीवर दिसतं. ती तुमची खोली. मग त्याच मापाने डावीकडे, उजवीकडे, थोडं पुढे, थोडं अलीकडे टाकून बघा. एकाच काठासमोर चार हातांच्या अंतरात खोली दीड-दोन फुटांनी बदललेली आढळते. उतार जिथे संपून तळ सपाट होतो, तिथे वरून घरंगळत आलेलं खाणं साठतं आणि मासेही तिथूनच फिरतात. मला कुठल्याही नव्या पाण्यावर पहिला अर्धा तास यातच घालवायला आवडतं. त्या अर्ध्या तासात मासा लागत नाही, पण नंतरचा सगळा वेळ कारणी लागतो.

पाणी रॉडच्या लांबीपेक्षा खोल असेल, तर फ्लोट दोरीवर घट्ट बांधून चालत नाही, कारण तो रॉडच्या टोकात अडकतो आणि फेकताच येत नाही. अशा वेळी फ्लोट दोरीवर मोकळा सरकू द्यायचा आणि हव्या त्या खोलीवर सुती दोऱ्याची एक छोटी गाठ मारायची. गाठ आणि फ्लोट यांच्यामध्ये बारीक मणी ओवायचा. गाठ रॉडच्या कड्यांतून आरामात जाते, पण मणी तिच्याशी येऊन थांबतो आणि फ्लोट तिथेच उभा राहतो.

आता फ्लोटबद्दल. बहुतेक नवशिक्यांचा फ्लोट निम्म्याहून जास्त पाण्यावर उभा असतो, कारण तो नीट दिसावा असं त्यांना वाटतं. असा फ्लोट बुडवायला माशाला जोर लावावा लागतो. रोहू, मृगल, सायप्रिनस (म्हणजे कॉमन कार्प) हे सगळे कार्प कुळातले मासे. यांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. ते आमिष चावत नाहीत, पाण्याबरोबर आत ओढून घेतात. आत घेतलेली वस्तू ओढ देतेय असं जाणवलं की क्षणात बाहेर फेकतात. म्हणून दोरीला शिशाचे बारीक दाणे एकेक करून लावत जा, फ्लोटचं फक्त रंगीत टोक, बोटाच्या एका पेराहूनही कमी, वर राहीपर्यंत. मोठे दाणे फ्लोट आणि गळ यांच्या मधल्या अंतराच्या खालच्या तिसऱ्या भागात ठेवा आणि एक अगदी छोटा दाणा गळापासून चार बोटांवर. खोली अशी धरा की हा छोटा दाणा तळाला जेमतेम टेकेल.

या छोट्या दाण्याची करामत बघण्यासारखी असते. तळावर चरणारा मासा डोकं खाली करून आमिष उचलतो आणि पुन्हा सरळ होतो, तेव्हा तो दाणाही तळावरून उचलला जातो. फ्लोटवरचं तेवढं वजन कमी होतं आणि फ्लोट बुडायच्या ऐवजी वर येतो. एरवी टोकच दिसत होतं, तो आता शांतपणे दोन-तीन बोटं वर उठतो, कधी कलंडून आडवाही होतो. फ्लोट बुडण्याची वाट पाहणारे ही संधी हमखास घालवतात. फ्लोट वर उठला की हिसका द्या. आमिष तोंडात गेल्याची याहून पक्की खूण नाही.

उलट, तुम्ही म्हणता ती थरथर ही बहुतेक वेळा पिल्लांची असते. पाच-सहा चिमुकले मासे गोळीला चहूबाजूंनी टोचत असतात. त्यावर हिसका देऊन काही हाती लागत नाही. आमिष उडून जातं आणि आवाजाने मोठा मासा बिचकतो तो वेगळाच. थरथर चालू द्या. ती एकदम थांबली, तर सावध व्हा, कारण कित्येकदा मोठा मासा आल्यावर पिल्लं पांगतात. त्यानंतर फ्लोट एका दिशेने संथ सरकू लागला किंवा तिरका होत खाली गेला, की मनगटाने छोटा, झटपट हिसका द्या. अख्खा हात डोक्यावर नेऊन मारलेला हिसका माशाचा ओठ फाडतो किंवा गाठ तोडतो.

गळाबद्दल तुम्ही फक्त 'मध्यम साइजचा' एवढंच लिहिलंय. गळाच्या नंबरात एक गोष्ट नव्या माणसाला हमखास चकवते: नंबर जितका मोठा तितका गळ लहान. १४ नंबरचा गळ बारीक, ६ नंबरचा त्याहून बराच मोठा. १ नंबरनंतर मात्र १/०, २/० अशी मोजणी सुरू होते आणि ती वाढत जाईल तसा गळही वाढतो. कणकेच्या गोळीवर रोहू किंवा मृगल हवा असेल, तर ८ ते १० नंबर पुरतो. गोळी वाटाण्याएवढी आणि गळाचं टोक जेमतेम झाकेल अशी. लिंबाएवढी गोळी लावली तर हिसका दिल्यावर टोक कणकेतच रुततं, ओठापर्यंत पोचत नाही. गांडुळाचा अख्खा गुंता लावू नका. एक गांडूळ दोन ठिकाणी टोचून शेपूट मोकळी सोडा, पण लांब शेपूट नको, नाहीतर पिल्लं तीच तोडून नेतात. पिल्लांचा फारच त्रास असेल, तर मक्याचा उकडलेला दाणा लावून बघा. तो त्यांच्या तोंडात मावत नाही आणि सहज तुटतही नाही.

गळ धारदार आहे का, हे नखावर पाहा. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढलं की ते रुतून थांबलं पाहिजे. घसरलं, तर बदला. दगडाला एकदा घासलेला गळ डोळ्यांना नवाच दिसतो, पण ओठात शिरत नाही.

तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, ती गरजेपुरतीच जाड घ्या. मोकळ्या, झाडं-झुडपं नसलेल्या तलावात किलो-दोन किलोच्या माशासाठी ०.२५ मिलिमीटर जाडी पुष्कळ झाली. जाड दोरी पाण्यात ताठ राहते, आमिष नैसर्गिक पडू देत नाही आणि वाऱ्याने ओढली जाते. बुडालेली खोडं किंवा दाट पाणवनस्पती असतील, तर मात्र जाड दोरीच हवी. तिथे बारीक दोरी लावून मासा तोडून घेणं म्हणजे त्याच्या तोंडात गळ ठेवून त्याला सोडून देणं आहे. गाठ मारताना दोरी गळाच्या कड्यातून काढून टोकाने त्याच दोरीभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक कड्याजवळच्या फटीतून परत आणा आणि ओढण्याआधी गाठ ओली करा. कोरडी गाठ आवळली की घर्षणाने नायलॉन तापतं आणि नेमकं तिथेच कमजोर होतं.

आता तुमच्या शेजाऱ्याला रोहू का लागतात आणि तुम्हाला का नाही, याकडे येतो. कुठला मासा कुठल्या थरात खातो, हे त्याच्या तोंडावरून कळतं. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला उघडतं, तो पृष्ठभागाजवळ चरतो. रोहूचं तोंड किंचित खाली वळलेलं आणि ओठ झालरीसारखे. तो मधल्या थरात फिरतो आणि तिथून खालीही उतरतो. मृगल तळाचा. सायप्रिनसला चार मिशा असतात आणि तो तळाचा गाळ उपसत जातो. काठाजवळ पाण्याखालून बुडबुड्यांची रांग सरकताना दिसली, तर बहुधा तोच किंवा त्याच्यासारखा तळ उकरणारा मासा असतो. म्हणजे एकाच जागी एकाच गोळीने, निव्वळ खोली फूटभर बदलून वेगळा मासा लागू शकतो. शेजाऱ्याला विचारा की फ्लोट किती खोलीवर लावलाय. आमिषाची कृती लपवणारी माणसं भेटतात, पण खोली बहुतेक जण सांगतात.

आणखी एक धागा. रोहू, कटला आणि मृगल साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ साली हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पियूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या कुळातल्या माशांची अंडी मिळवण्यात यश मिळवलं आणि तेव्हापासून बीज तयार करून तलावात सोडणं शक्य झालं. बंदिस्त तलावात हे मासे दिसले, तर ते बहुधा कुणीतरी सोडलेले आहेत. याचे दोन अर्थ. पहिला, त्या माशांवर कुणाचा तरी हक्क असू शकतो, तेव्हा गळ टाकण्याआधी परवानगी विचारा. दुसरा, ते पेंड आणि कोंड्यावर वाढलेले असण्याची शक्यता दाट आहे. कणकेत भाजलेल्या भुईमुगाच्या पेंडीची पूड मिसळलीत, तर तो वास त्यांच्या ओळखीचा असतो. मासे चवीला आणि वासाला फार तल्लख असतात. साबण, पेट्रोल, डास पळवायचं मलम लागलेल्या हातांनी गोळी वळू नका. तळाची चिमूटभर माती हातांवर चोळून मगच आमिषाला हात लावा.

चारा, म्हणजे मासे जमवायला पाण्यात टाकायचं खाणं, याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बहुधा शेजाऱ्याचा दुसरा फरक इथे आहे. मुठीएवढा चारा एकदा टाकून बसू नका. सुपारीएवढ्या गोळ्या, दर दहा-पंधरा मिनिटांनी एखाद-दुसरी, आणि सगळ्या फ्लोटच्या आसपास. हेतू मासे गोळा करायचा आहे, त्यांची पोटं भरायची नाहीत. चारा तळाला पोचल्यावर फुटावा इतपतच दाबा. वाटेतच फुटला, तर पिल्लं वर जमतात आणि तुमची तक्रार पुन्हा तीच राहते.

वेळेबद्दल सगळे सांगतात की पहाटे जा. नितळ पाण्यात हे बरोबर आहे. पण पाणी शेवाळाने गर्द हिरवं असेल, तर मी पहाटेची घाई करत नाही. दिवसा वनस्पती प्राणवायू सोडतात, रात्रभर मात्र त्याही तो वापरतात, त्यामुळे अशा पाण्यात पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागाला येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर तो भुकेचा नाही, घुसमटीचा प्रकार आहे. अशा वेळी ते खात नाहीत. ऊन चढून तास-दोन तास झाले की चित्र बदलतं. उन्हाळ्यात दुपारी दुसरी अडचण: पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. तेव्हा मासे सावलीत, खोलात किंवा जिथे ताजं पाणी आत येतं तिथे जातात. तुम्हीही तिकडे जा.

वारा ज्या काठावर येऊन आपटतो, तो काठ उबदार दिवसांत निवडा. समोरून वारा असताना फेकायला त्रास होतो, पण तरंगतं खाणं आणि वरचं कोमट पाणी त्याच बाजूला लोटलं जातं आणि लाटांनी पाण्यात हवाही मिसळते. थंडीचा गार वारा असेल, तर उलट आडोशाचा काठ बरा.

काठावर बोललात तर मासे पळतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळा परत फिरतो. जमिनीतून गेलेला धक्का मात्र थेट पाण्यात उतरतो आणि पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो. त्यात कार्प कुळात वाताशयापासून (पोटातल्या हवेच्या पिशवीपासून) कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना फार चांगलं ऐकू येतं. तेव्हा गप्पा मारा, पण पाय आपटू नका, डबा दगडावर आदळू नका आणि काठाच्या अगदी कडेला उभे राहू नका. खाली बसलेला माणूस माशाला फारच कमी दिसतो.

मासा लागल्यावर घाई नको. रीलचा ड्रॅग, म्हणजे किती ताणावर दोरी सुटेल ते ठरवणारी रचना, असा ठेवा की हाताने जोरात ओढल्यावर दोरी सुटावी. तो पळत असताना पळू द्या, थांबला की गुंडाळा, रॉडचं टोक वर. शेवटचे दोन हात सर्वांत धोक्याचे असतात, तिथे दोरीने उचलू नका, हातजाळी पाण्यात बुडवून मासा तिच्यावर आणा. सोडून देणार असाल, तर हात आधी ओले करा, कारण कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. कल्ल्यांत बोटं घालू नका. गळ घशात गेला असेल, तर ओढाताण न करता दोरी तोंडाजवळ कापा. तिलापियाच्या पाठीवरचे काटे आणि शिंगाळ्याच्या परांचे काटे जपून. शिंगाळ्याचा काटा फार ठणकतो. लालसर पिल्लांचा थवा पृष्ठभागावर दिसला, तर खाली मरळ राखणीला असते. ती त्या वेळी आमिषावर झडप घालते, खाण्यासाठी कमी आणि पिल्लांपासून हाकलण्यासाठी जास्त. तिला धरलं, तर तो थवा इतर माशांच्या पोटात जातो. तिथे मी गळ टाकत नाही आणि तुम्हीही टाकू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता रॉड. सध्या जो आहे तोच राहू द्या. तो मोडका नसेल आणि रील अडखळत नसेल, तर तुमच्या कामाला पुरेसा आहे. खर्च करायचाच असेल, तर दोन-तीन नंबरांचे चांगले गळ, शिशाचे बारीक दाणे, बारीक टोकाचे एक-दोन फ्लोट आणि हातजाळी एवढ्यावर करा. पुढे कधी रॉड घेतलात, तर दहा-बारा फुटांचा, टोकाला मऊ असा घ्या. फ्लोटच्या मासेमारीत लांबी फार उपयोगी पडते. कार्बनचा घेतलात, तर एक पक्कं लक्षात ठेवा: कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली तो उभा धरायचा नाही आणि आभाळ गडगडायला लागलं की गुंडाळून निघायचं.

पुढच्या सुट्टीला एकच जागा धरा, तळ मोजा, फ्लोट टोकापर्यंत बुडवा, गळ एक-दोन नंबरांनी लहान करा आणि बाकी काही बदलू नका. नंतर मला एवढं कळवा: खोली किती निघाली, तळ कठीण होता की शिसं गाळ घेऊन वर आलं, आणि फ्लोट नुसता थरथरला, सरकला की वर उठला. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.